अहवालातले शब्द वाचायचे कसे? विशेष शैक्षणिक गरजांच्या परिभाषेची पहिली ओळख

मूल्यमापनाचा अहवाल हातात पडला की बहुतेक पालक थेट शेवटचं पान उघडतात, निदानाचा शब्द शोधतात आणि तिथेच थबकतात. नव्या शिक्षकांचंही फारसं वेगळं होत नाही. पण उद्या वर्गात काय करायचं हे त्या शब्दावरून कळत नाही. ते मधल्या पानांवर असतं, आणि तिथली भाषा परकी वाटते म्हणून ती पानं उलटून टाकली जातात. हा लेख त्या मधल्या पानांसाठी आहे. अहवाल, पेन आणि कोरा कागद घेऊन बसा.

पायरी १: आधी शब्दांचे तीन ढीग करा

कागदावर तीन रकाने आखा: गरज, नाव, काम. ‘ऐकलेल्या तीन सूचनांपैकी एकच लक्षात राहते’ ही गरज. ‘एडीएचडी’ (लक्ष टिकवणं आणि चंचलता आवरणं जड जाणं) हे नाव. ‘सूचना एकेक करून द्यावी आणि फळ्यावर लिहावी’ हे काम. अहवालातलं प्रत्येक महत्त्वाचं वाक्य यांपैकी कुठल्या तरी रकान्यात बसतं.

गोंधळ होतो तो दुसऱ्या रकान्यातून थेट तिसऱ्यात उडी मारल्याने. ‘ऑटिझम आहे ना, मग अमुक थेरपी लावा.’ एकच नाव असलेल्या दोन मुलांच्या गरजा अगदी वेगळ्या असू शकतात, आणि वेगवेगळी नावं असलेल्या दोन मुलांना वर्गात तीच मदत लागू शकते. म्हणून पहिला रकाना रिकामा राहिला असेल तर अहवाल लिहिणाऱ्याला विचारा: हे वर्गात कसं दिसतं? विचारायला संकोचू नका, उत्तर देणं हा त्यांच्या कामाचाच भाग आहे.

‘विशेष शैक्षणिक गरजा’ हा शब्दप्रयोगही याच विचारातून रुळला. मेरी वॉर्नॉक यांच्या अध्यक्षतेखालच्या ब्रिटिश समितीने १९७८च्या अहवालात सुचवलं, की मुलांना अपंगत्वाच्या प्रकारांत वाटण्याऐवजी त्यांना शिकायला काय लागतं ते पाहावं. शाळेच्या सगळ्या वर्षांत मिळून पाचांतल्या एका मुलाला कधी ना कधी अशी गरज भासेल, असाही त्या समितीचा अंदाज होता. १९९४ साली स्पेनमधल्या सालामांका इथे युनेस्कोची परिषद झाली. तिच्या जाहीरनाम्यानंतर ‘समावेशक शिक्षण’ हा शब्द जगभर पसरला. तो ‘एकात्मिक’शी समानार्थी नाही. एकात्मिक व्यवस्थेत मुलाला नेहमीच्या वर्गात बसवतात आणि जुळवून घ्यायचं काम त्याच्यावर सोडतात. समावेशक व्यवस्थेत वर्गानेही बदलायचं असतं.

पायरी २: चाळणी, मूल्यमापन आणि निदान वेगळे ओळखा

चाळणी म्हणजे स्क्रीनिंग. थोडक्या प्रश्नांत ‘पुढे तपासावं का?’ एवढंच ती सांगते. उदाहरणार्थ, १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी असलेली एम-चॅट या ऑटिझमच्या प्रश्नावलीची सुधारित आवृत्ती २० प्रश्नांची आहे आणि ती पालकच भरतात. तिच्यात गुण जास्त आले म्हणजे ऑटिझम ठरला असं नाही, आणि कमी आले म्हणजे शंका कायमची मिटली असंही नाही. चाळणीतून चुकून अडकणारी मुलं असतात, तशी निसटणारीही असतात.

मूल्यमापन म्हणजे मूल कुठे मजबूत आहे आणि कुठे अडखळतं याचा सविस्तर शोध. चाचण्या, निरीक्षण, पालकांची आणि शिक्षकांची मुलाखत, वह्यांचे नमुने हे सगळं त्यात येतं. त्या माहितीवरून ठरलेल्या निकषांनुसार नाव देणं म्हणजे निदान. निकष बहुतेक ठिकाणी दोन दस्तऐवजांतून घेतले जातात: अमेरिकन मानसोपचार संघटनेचं डीएसएम (त्याची पाचवी आवृत्ती २०१३ची) आणि जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीडी (त्याची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२पासून लागू आहे). दोन अहवालांत नावं जरा वेगळी दिसली तर प्रत्येकाने कोणते निकष वापरलेत ते आधी पाहा.

मूल्यमापनाआधी दृष्टी आणि श्रवण तपासलेलं आहे का, हे अहवालात शोधा. कानात वारंवार पाणी साचणारं मूल ‘लक्ष देत नाही’ असंच दिसतं. चाचणी कोणत्या भाषेत घेतली हेही पाहा. मूल घरी एक भाषा बोलतं आणि शब्दसंग्रहाची चाचणी दुसऱ्याच भाषेत झाली असेल, तर तो आकडा त्या मुलाची त्या भाषेशी किती ओळख आहे हेच मोजतो, बुद्धी नाही.

पायरी ३: आकडे नीट वाचा

सगळ्यात जास्त गैरसमज इथे होतात, म्हणून थोडं रेंगाळू.

मूळ गुण म्हणजे किती उत्तरं बरोबर आली, एवढंच. त्यावरून एकट्याने काहीच कळत नाही. त्याच वयाच्या मुलांशी तुलना करून तो स्टँडर्ड स्कोअरमध्ये, म्हणजे प्रमाणित गुणांत बदलतात. बहुतेक चाचण्यांत त्याची सरासरी १०० आणि प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीपासून किती पसरतात याचं माप, १५ असतं. ८५ ते ११५ या पट्ट्यात साधारण ६८ टक्के मुलं येतात आणि ७० ते १३० या पट्ट्यात सुमारे ९५ टक्के. उपचाचण्यांचे गुण मात्र बरेचदा वेगळ्या मापावर असतात: सरासरी १०, विचलन ३. ‘७ गुण’ पाहून धसका घेणारे पालक मनातल्या मनात ते १०० पैकी समजत असतात. त्या मापावरचे ७ म्हणजे इकडचे ८५.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हे. १६वं पर्सेंटाइल म्हणजे त्याच वयाच्या १०० मुलांपैकी साधारण १६ जणांचे गुण या मुलाइतके किंवा त्याहून कमी आहेत. चाचणी सोपी असेल तर ९० टक्के उत्तरं बरोबर देऊनही मूल १०व्या पर्सेंटाइलला असू शकतं. स्टँडर्ड स्कोअर ८५ म्हणजे सुमारे १६वं पर्सेंटाइल, ९० म्हणजे २५वं, १०० म्हणजे ५०वं, ७० म्हणजे जेमतेम दुसरं. एवढे चार आकडे कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवले की बरेच तक्ते वाचता येतात.

आकड्यापुढे ‘८१–९४’ असा पट्टा छापलेला असतो, तो डोळ्याआड करू नका. कोणतीही चाचणी अचूक नसते, खरा आकडा या पट्ट्यात असण्याची दाट शक्यता आहे, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून गेल्या वर्षी ८२ आणि यंदा ७९ आले तर मूल घसरलं असा निष्कर्ष काढायला आधार नाही. याहून मोठा गैरसमज पुढचा आहे. दोन वर्षांनी पुन्हा ८२च आले तर ‘काहीच प्रगती नाही’ असं म्हटलं जातं. उलट, तुलना प्रत्येक वेळी त्या त्या वयाच्या मुलांशी होते. आकडा तोच राहिला म्हणजे मूल बरोबरीच्यांच्या वेगाने पुढे गेलं, फक्त अंतर मिटलेलं नाही.

‘वाचनवय ७ वर्षे ६ महिने’ हा प्रकार सोपा वाटतो, पण फसवा आहे. दहा वर्षांच्या मुलाचे मूळ गुण साडेसात वर्षांच्या मुलांच्या मधल्या गुणांइतके आले, एवढंच तो सांगतो. त्या मुलाची समज किंवा आवडीनिवडी साडेसात वर्षांच्या आहेत असा त्याचा अर्थ होत नाही. त्या आधारावर लहान मुलांची पुस्तकं त्याच्या हातात दिली की ते वाचायचंच टाळतं.

शेवटी एकूण बुद्ध्यांक. वेश्लर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मुलांच्या चाचणीच्या पाचव्या आवृत्तीत पाच निर्देशांक असतात: शाब्दिक आकलन, दृश्य-अवकाशीय क्षमता, नव्या प्रश्नावर तर्क लढवणं, कार्यकारी स्मृती आणि प्रक्रियेचा वेग. शाब्दिक आकलन ११८ आणि कार्यकारी स्मृती ७९ असेल, तर मधला एकूण आकडा त्या मुलाचं धड एकही चित्र दाखवत नाही. अशा वेळी एकूण आकडा बाजूला ठेवा आणि निर्देशांकांमधली दरी वाचा. तोंडी भरभरून सांगणारं मूल लिहिताना दोन ओळींत का आटोपतं, याचं उत्तर बहुधा त्या दरीत असतं. कार्यकारी स्मृती म्हणजे माहिती डोक्यात धरून त्याच वेळी तिच्यावर काम करणं. हातचा लक्षात ठेवून बेरीज करताना लागते ती हीच.

पायरी ४: नावांमागचे निकष पाहा

डिस्लेक्सियात अडचण मुख्यतः शब्द अचूक आणि सहज वाचण्याची आणि शुद्धलेखनाची असते. देवनागरीत ती जोडाक्षरांत, ऱ्हस्व-दीर्घात, मात्रा गाळण्यात दिसते. अक्षरं उलटी दिसणं ही तिची व्याख्या नव्हे. लेखनाच्या अडचणीला डिस्ग्राफिया आणि गणिताच्या अडचणीला डिस्कॅल्क्युलिया म्हणतात. या सगळ्यांना मिळून विशिष्ट अध्ययन अक्षमता म्हणतात. डीएसएमनुसार नेमकी मदत देऊनही अडचण किमान ६ महिने टिकलेली असावी लागते. म्हणून ‘आधी काय शिकवून पाहिलं?’ हा प्रश्न इथे रास्त आहे.

एडीएचडीसाठी लक्षणं १२ वर्षांच्या आतली हवीत, किमान ६ महिने टिकलेली हवीत आणि एकाहून जास्त ठिकाणी दिसायला हवीत. फक्त गणिताच्या तासाला चुळबुळ होत असेल तर आधी गणिताकडे पाहा. बौद्धिक अक्षमता केवळ बुद्ध्यांकावरून ठरवत नाहीत. रोजच्या जगण्यातली कौशल्यं, म्हणजे संवाद, स्वतःची कामं, व्यवहार, यांचं मोजमाप नसेल तर ते निदान अपुरं आहे. ‘विकासातील विलंब’ हे नाव लहान वयात तात्पुरतं वापरतात आणि पुढे त्याचा फेरविचार व्हायलाच हवा. ऑटिझमच्या पातळ्या १, २, ३ या मदत किती लागते हे सांगतात, बुद्धी नाही, आणि त्या बदलू शकतात.

वाचा आणि भाषा या दोन गोष्टी आहेत. उच्चार अस्पष्ट असणं ही वाचेची अडचण, वाक्य समजणं किंवा रचणं जड जाणं ही भाषेची. भाषेतही ग्रहण आणि अभिव्यक्ती वेगळी मोजतात. ग्रहण कच्चं असलेलं मूल इतरांकडे पाहून वही काढतं, रांगेत उभं राहतं, आणि ‘त्याला सगळं कळतं’ असं सगळ्यांना वाटतं. खात्री करायची असेल तर खुणा न करता, नेहमीपेक्षा वेगळी सूचना देऊन पाहा: ‘पेन्सिल पुस्तकाखाली ठेव.’

पायरी ५: सवलत, बदल आणि शिकवणं यांची गल्लत टाळा

सवलत म्हणजे शिकायचं तेच, फक्त मार्ग वेगळा: जादा वेळ, मोठा टाइप, लेखनिक, वाचून दाखवणारी व्यक्ती, शांत खोली. बदल म्हणजे शिकण्याची अपेक्षाच वेगळी: कमी धडे, सोपा उतारा, खालच्या इयत्तेचं गणित. उपचारात्मक अध्यापन म्हणजे जे येत नाही ते वेगळ्या पद्धतीने शिकवणं. सवलतीने परीक्षा पार पडते, पण वाचायला येत नाही. लेखनिक मिळाल्यावर वाचन-लेखनाचा सराव थांबवणं ही नेहमीची आणि महागात पडणारी चूक आहे.

बदल मान्य करण्याआधी त्याचा पुढच्या इयत्तेवर आणि प्रमाणपत्रावर काय परिणाम होईल ते लेखी विचारा. सवलतीने सहसा फरक पडत नाही, बदलाने पडू शकतो.

सवलत योग्य आहे की नाही हे ठरवायला एकच कसोटी पुरते: परीक्षा नक्की काय मोजते आहे? आकलन मोजायचं असेल तर उतारा वाचून दाखवणं योग्य. वाचनाची अचूकताच मोजायची असेल तर वाचून दाखवल्यावर मोजण्यासारखं काही उरत नाही. शाब्दिक उदाहरणात कॅल्क्युलेटर चालेल, गुणाकाराच्या चाचणीत नाही.

सवलती फसतात त्या बहुधा सरावाअभावी. उत्तर तोंडी सांगून लिहवून घेणं हे स्वतंत्र कौशल्य आहे. वाक्य मनात पूर्ण करायचं, लेखनिकाच्या वेगाने सांगायचं, लिहिलेलं तपासायला लावायचं. ऐन परीक्षेत पहिल्यांदा लेखनिक भेटलेलं मूल एरवीपेक्षाही कमी लिहवतं. निदान दोन-तीन महिने आधीपासून, आठवड्यातून एकदा तरी लेखनिकासह पेपर सोडवून घ्या. जादा वेळेचंही तसंच. ६० मिनिटांच्या पेपरला २५ टक्के जादा म्हणजे ७५ मिनिटं. हळू वाचणाऱ्या मुलाला ती कामी येतात. लवकर थकणाऱ्या किंवा लक्ष उडणाऱ्या मुलाला तीच १५ मिनिटं शिक्षेसारखी वाटतात. त्याला दर २० मिनिटांनी घड्याळ थांबवून दिलेली विश्रांती जास्त उपयोगी पडते.

पायरी ६: आराखड्यातलं प्रत्येक ध्येय मोजता येतं का पाहा

वैयक्तिक शैक्षणिक आराखडा, म्हणजेच आयईपी, हा मुलाला काय शिकवायचं, कोणी, किती वेळ आणि कसं तपासायचं याचा लेखी करार असतो. त्यात ‘वाचन सुधारेल’, ‘आत्मविश्वास वाढेल’ अशी वाक्यं असतील तर ती ध्येयं नव्हेत, शुभेच्छा आहेत.

ध्येयात पाच गोष्टी शोधा: आजची पातळी, नेमकं कौशल्य, परिस्थिती, यशाचा आकडा, मुदत. उदाहरणार्थ: ‘आज २० अनोळखी जोडाक्षरी शब्दांपैकी ८ बरोबर वाचता येतात. १२ आठवड्यांनंतर, कोणाच्याही मदतीशिवाय, दर वेळी नव्या २० शब्दांपैकी १७ बरोबर वाचेल, सलग तीन चाचण्यांत.’ ‘सलग तीन’ हे शब्द मुद्दाम आहेत, एखाद्या दिवशी नशिबानेही १७ येतात. पुढे कामाची ओळ हवी: कोण शिकवणार, आठवड्यातून किती वेळा, किती मिनिटं, किती जणांच्या गटात. ‘गरजेनुसार मदत’ असं लिहिलं असेल तर ते खोडून आकडा मागा. ‘गरजेनुसार’ची मदत गर्दीच्या आठवड्यात सगळ्यात आधी गळते. ध्येयं तीन ते पाच पुरेत, पंधरा लिहिली की एकाचंही मोजमाप होत नाही.

पायरी ७: मदतीचे आणि वर्तनाचे शब्द

प्रॉम्प्ट म्हणजे उत्तराकडे नेणारा आधार. हात धरून करवून घेणं, हलका स्पर्श, खूण, चित्र, शब्द असे त्याचे प्रकार. तो ठरवून कमी करत नेणं म्हणजे फेडिंग. शब्दांचा आधार निरुपद्रवी वाटतो, पण सोडवायला सगळ्यात चिवट तोच, कारण मोठ्यांच्या तोंडून तो नकळत निघतो. सूचना दिल्यावर मनात दहा आकडे मोजा, मगच मदत करा. अहवालात ‘स्वतंत्रपणे करतो’ असं लिहिलं असेल तर शेजारी कोण बसलं होतं, हे विचारा. शॅडो टीचर, म्हणजे मुलासोबत बसणारी मदतनीस व्यक्ती, असेल तर ती कुठल्या तासाला आणि कधीपासून मागे सरकणार हे आराखड्यात असावं. नाहीतर वर्गशिक्षक तिच्याशीच बोलतात आणि मूल दोघांच्या मधून हरवतं.

एएसी म्हणजे बोलण्याला पूरक किंवा पर्यायी संवादसाधनं: चित्रफलक, खुणा, बोलणारं यंत्र. त्याने बोलणं मागे पडेल ही भीती सार्वत्रिक आहे आणि निराधार आहे.

वर्तनाच्या नोंदीत एबीसी हा शब्द येतो: आधी काय घडलं, मुलाने काय केलं, नंतर काय मिळालं. वहीतलं पान फाडलं की वर्गाबाहेर पाठवलं, आणि फाडणं वाढतच गेलं. इथे बाहेर जाणं ही शिक्षा ठरली नाही, लिहिण्यातून सुटका ठरली. नकोशी गोष्ट टळल्याने वर्तन वाढणं, याला निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट म्हणतात. शिक्षा या अर्थाने तो शब्द वापरलेला दिसला तर लिहिणाऱ्याची व्याख्या चुकली आहे. मेल्टडाऊन आणि हट्ट यांतला फरकही लक्षात घ्या. हट्टात मूल तुमच्याकडे पाहत असतं, हवं ते मिळालं की थांबतं. मेल्टडाऊनमध्ये ताण इतका वाढतो की हवी ती वस्तू देऊनही ते थांबत नाही. त्या वेळी बोलणं, प्रकाश आणि गर्दी कमी करायची. समजूत नंतर घालता येते.

पायरी ८: बैठकीत आलेख मागा

आढावा बैठकीला जाताना ध्येयांची प्रत सोबत न्या आणि प्रत्येक ध्येयाचे आठवड्याचे आकडे मागा. वरच्या जोडाक्षरांच्या उदाहरणात १२ आठवड्यांत ९ शब्द वाढायचे आहेत, म्हणजे आठवड्याला पाऊण शब्द. चौथ्या आठवड्याला ११च्या आसपास असायला हवं. आजची पातळी आणि ध्येय जोडणारी तिरपी रेघ कागदावर काढा आणि आकडे टिंबांनी मांडा. सलग चार टिंबं रेघेखाली पडली तर मुदत संपायची वाट पाहू नका. आधी तास ठरल्याप्रमाणे झाले का ते तपासा, वेळापत्रकात आठवड्याला चार तास असतात आणि प्रत्यक्षात दोनच झालेले निघतात. तास झाले असतील तर पद्धत बदला. ध्येय खाली आणायचा विचार त्यानंतरचा.

बैठकीत नवा शब्द आला तर तो तुमच्या तीन रकान्यांपैकी कुठे जातो ते तिथल्या तिथे विचारून लिहा, आणि तिसऱ्या रकान्यातल्या प्रत्येक ओळीसमोर करणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहून घेतल्याशिवाय उठू नका.